सहा इंची साहेबांस अनावृत पत्र

साहेब,

मिनी ट्रॅक्टरला फांद्यांची कुट्टी करणारा सहा इंची चिपर झेपेल का, या प्रश्नाला आपण दिलेलं उत्तर आमच्या शिवारात आता म्हणीसारखं रुळलं आहे. ‘आरामात चालतं, भाऊ!’ विहिरीवरची मोटार उठत नसली, सोसायटीचा हप्ता थकला असला, पोराचं लग्न जमत नसलं, तरी माणसं एकमेकांना हेच ऐकवतात. एवढी कीर्ती आमच्याकडे आमदारालाही मिळालेली नाही. तेव्हा म्हटलं, आपले आभार चारचौघांतच मानावेत.

आधी चिपर विकण्यासाठी आपण घेतलेल्या डेमोबद्दल. फांद्याही आपण स्वतःच पिकअपमधून आणल्या होत्या. शेतकऱ्याला तेवढीही तोशीस नको! सगळ्या शेवग्याच्या. मनगटाहून जाड, हिरव्यागार, नुकत्या तोडलेल्या. शेवग्याची फांदी किती चिवट असते हे शेंगा काढायला चढलेल्या पोरांना विचारावं. त्यातली निम्मी फांदीसकट खाली आलेली असतात. ती फांदी चिपरने घास न अडकता खाल्ली आणि जमलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. चिपर जोडला होता 50 एचपीच्या ट्रॅक्टरला. आमच्या शेजारच्या नानांनी भीत भीत विचारलं, ‘साहेब, माझा 24चा आहे.’ आपण त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, ‘नाना, तत्त्व एकच!’ खरं आहे. फरक काय तो 26 एचपीचा.

आता ते सहा इंच. पत्रकावर ठळक छापलेला हा आकडा चिपरच्या तोंडाचा आहे, एवढं सांगायचं आपल्याकडून राहून गेलं. तोंडात मावतं ते सगळं पचतं असं नाही, हे पंगतीला बसलेला कोणीही सांगेल. तीन इंची फांदीपेक्षा सहा इंची फांदी दिसायला दुप्पट जाड, पण पात्याला जो छेद कापावा लागतो तो चौपट. शाळेतलं गणित आहे, त्याला इंजिनिअर लागत नाही. लाकूड वाळलेलं असलं, आणि त्यातून बाभळीचं, की हिशेब आणखी बिघडतो.

ताकदीचंही तेच. बॉनेटवर 24 लिहिलंय ते इंजिनाचं. मागच्या पीटीओपर्यंत, म्हणजे जोडलेलं यंत्र फिरवणाऱ्या दांड्यापर्यंत, येता येता गिअर, हायड्रॉलिकचा पंप सगळे आपापली आडत कापून घेतात. 20-22 हाती लागले तरी नशीब. मध्य प्रदेशात बुदनीला ट्रॅक्टरची चाचणी घेणारी केंद्र सरकारची संस्था आहे. तिच्या अहवालात पीटीओवर मोजलेली ताकद स्पष्ट छापलेली असते. चिपर विकणाऱ्याने पहिल्यांदा तो आकडा विचारायचा असतो. आपण विचारलंत, ‘रोख की फायनान्स?’

एवढ्या ताकदीत रोजचं काम तीन, फार तर साडेतीन इंचांचं. चार-पाच इंची फांदी कधीमधी जाते, नाही असं नाही. पण त्यासाठी फ्लायव्हील चांगलं जड लागतं, आणि लाकूड बेताबेतानं आत सोडणारा हायड्रॉलिक रोलर लागतो; इंजिनाचे फेरे पडले की आपण होऊन थांबणारा, इंजिन सावरलं की पुन्हा सरकणारा. नानांच्या गळ्यात मारलेल्या चिपरला रोलर नाही. पाती स्वतःच फांदी ओढून घेतात, इंजिनाला दम आहे की नाही याची विचारपूस न करता. पहिल्याच दिवशी बांधावरची वाळकी बाभूळ तोंडात गेली. आवाज एकदम घोगरा झाला, सायलेन्सरने काळा लोट सोडला, फांदी तोंडात अडकून थरथरत राहिली आणि ट्रॅक्टर बंद पडला. पुढचा बराच वेळ नाना आणि त्यांचा गडी पहार घालून ती फांदी उलटी उपसत होते.

त्यांनी आपल्याला फोन लावला, तेव्हा आपला सल्ला काय? ‘पीटीओ दुसऱ्या स्पीडला टाका, 750ला. फाडून खाईल.’ साहेब, ज्या चिपरवर 540 आरपीएम असं कोरलंय, तो 750वर फिरवला की लाकूड कापायची ताकद कुठून आकाशातून येत नाही. इंजिन तेच राहतं. वाढतो तो पात्यांच्या बोल्टांवरचा ताण, आणि तो जवळजवळ दुप्पट होतो. यदाकदाचित एखादं पातं सुटलं असतं, तर ते कोणाच्या दिशेनं गेलं असतं? आपण तर तालुक्याला होतात, म्हणजे सुरक्षित.

पण खरी करामत पुढेच आहे. नानांची बाग द्राक्षाची. एप्रिलच्या खरड छाटणीला निघते ती काडी बोटाएवढी, ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला निघते तीही तशीच. अशा माणसाला सहा इंच विकणं याला प्रतिभा लागते. काडी बारीक, लांब आणि ढिगाने. ती गोळा करा, मोळ्या करा, एकेक मोळी तोंडात सारा, म्हणजे छाटणीच्या मजुरीवर आणखी एक मजुरी. या बागेला हवा होता ओळीतून चालत जाणारा श्रेडर. काडी ओळीच्या मधोमध ओढून टाकायची आणि वरून ट्रॅक्टर न्यायचा. तिथल्या तिथे कुट्टी होते आणि वेलीच्या बुडाला आच्छादन म्हणून कामी येते. (ती कुट्टी कच्चीच मातीत मिसळू नये, कुजताना जमिनीतलं नत्र ओढते. वर पसरलेली बरी. हेही आपण सांगितलं नव्हतंत, पण तेवढ्यासाठी आपल्याला दोष देत नाही.) श्रेडर आपल्या शेडमध्ये उभा होता. मी स्वतः पाहिला, त्याच्यावर खताच्या गोण्या रचल्या होत्या. त्यात आपलं कमिशन कमी पडत असावं.

चिपर वाईट नाही हो. आंबा, चिकू, पेरू यांची जुनी झाडं ज्याच्याकडे आहेत, बांधाला सुबाभूळ किंवा सिल्व्हर ओक आहे, त्याने तो जरूर घ्यावा. फांद्या बांधावर पेटवून धूर करण्यापेक्षा कधीही चांगलं. मात्र नारळाच्या झावळ्या घालायच्या असतील तर आधी डोळ्यांदेखत घालून बघाव्यात. तंतू लांब, चिवट. कापले जाण्याऐवजी शाफ्टलाच वेढे घालत बसतात.

द्राक्षाच्या काडीबरोबर आणखी काय काय येतं, हे आपण बागेत पाऊल टाकलं असतं तर दिसलं असतं. मांडवाच्या तारेचे तुकडे, सुतळी, ठिबकची फाटकी नळी, आणि जमिनीवरून ओढल्यामुळे माती. फिरतं पातं आणि त्याच्यासमोरचं स्थिर पातं यांच्यात फट असते जेमतेम मिलिमीटरभर. त्यातून तारेचा एवढासा तुकडा गेला की संपलं. नानांनी पाती उतरवली तेव्हा मी शेजारीच होतो. धारेला तीन ठिकाणी दाते पडलेले, उरलेली धार मातीने गोल झालेली. अंगठा फिरवला तरी बोचेना. अशी पाती काडी कापत नाहीत, चेचतात. सालीच्या पट्ट्या दोरीसारख्या आत गुंडाळून बसतात, आणि माणूस समजतो की ट्रॅक्टरच कमी पडला. जादा पात्यांचा जोड घ्या, फट मोजायची पट्टी घ्या, असं विकतानाच सांगायला काय हरकत होती?

पीटीओ आणि चिपर जोडणाऱ्या शाफ्टचा किस्सा थोडक्यात. मोठ्या ट्रॅक्टरच्या मापाचा शाफ्ट आपण तसाच पाठवलात. मिनी ट्रॅक्टरच्या मागे तेवढी जागाच नसते. लिफ्ट उचलली की शाफ्टच्या दोन्ही नळ्या एकमेकींत पूर्ण शिरून अडतात आणि सगळा दाब पीटीओच्या बेअरिंगवर येतो. माप घेऊन दोन्ही नळ्या सारख्या कापायच्या असतात, बाहेरचं प्लास्टिकचं कव्हरही तेवढंच कापायचं असतं. आपल्या मेकॅनिकने नळ्या कापल्या आणि कव्हर काढून पिकअपमध्ये टाकून नेलं, ‘मध्ये मध्ये येतं’ म्हणून. साहेब, 540 म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. आमच्याकडे गड्याच्या गळ्यात टॉवेल असतो, बाईच्या साडीला पदर असतो. उघड्या शाफ्टने त्याचं टोक धरलं, तर हात मागे घ्यायलासुद्धा वेळ मिळत नाही.

आणि तो शिअर बोल्ट! दोनदा तुटला, तेव्हा त्याच मेकॅनिकने हसत हसत कडक पोलादाचा बोल्ट ठोकून दिला. ‘आता आयुष्यात तुटणार नाही.’ बोल्ट तुटला नाहीच. त्याच्या जागी गिअरबॉक्स बोलला. तुटण्यासाठीच नरम ठेवलेला तो बोल्ट होता, हे आपल्या सर्व्हिस सेंटरमध्ये कोणाला ठाऊक असेल, तर त्या माणसाला बढती द्या.

मागणी फार नाही. प्लास्टिकचं कव्हर परत पाठवा, ते नानांच्या पैशाचं आहे. गिअरबॉक्सचं बिल आपल्या मेकॅनिकच्या नावावर टाका. चिपर परत घ्या आणि गोण्यांखालचा तो श्रेडर नानांना द्या. फरकाचे पैसे किती हे छापील कोटेशनवर, सही-शिक्क्यासह लिहून कळवा. श्रेडर पोचवायला याल तेव्हा नानांच्याच 24 एचपीला जोडून, नानांच्याच बागेत, नानांच्याच काडीवर चालवून दाखवायचा. पिकअप रिकामी आणा. येताना चिपर भरून न्यायचा आहे.

आपला,
नानांचा शेजारी