अभिमान : चा, वर की बद्दल?

अभिमान वाटायला क्षण पुरतो, सांगताना मात्र माणूस प्रत्ययापाशी अडखळतो.

हल्ली आमच्या वाशीमात पुसद नाक्यापासून अकोला नाक्यापर्यंत फ्लेक्सवर 'आम्हाला तुमच्यावर गर्व आहे' असं झळकतं. हा 'वर' हिंदीतल्या 'पर'चं बोट धरून आला. मराठीत माणसावर राग निघतो, आळ येतो, कर्ज होतं. त्या रांगेत बिचाऱ्या सत्कारमूर्तीला कशाला उभं करायचं? शिवाय गर्वाचं घर खाली, हे लहानपणापासून ऐकलेलं. इथे तर गर्व विजेच्या खांबाला बांधून वर चढवलेला!

'बद्दल' सभ्य आहे, पण त्याला कचेरीचा वास येतो. दिरंगाईबद्दल खुलासा, गैरसोयीबद्दल दिलगिरी आणि त्याच टंकलेखनात 'आपल्या यशाबद्दल अभिमान'.

उरतो 'चा'. षष्ठी, म्हणजे नात्याची विभक्ती. 'मी वाशीमचा' आणि 'मला वाशीमचा अभिमान' या दोन्ही वाक्यांत प्रत्यय तोच. पहिला जन्मासोबत फुकट मिळतो, दुसऱ्यासाठी थोडं वाचावं लागतं. वाचलं की कळतं, हे गाव म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. इथल्या सर्वसेन राजाने प्राकृतात 'हरिविजय' रचलं. काव्य हरवलं, कीर्ती राहिली. याच घराण्यातल्या हरिषेणाच्या मंत्र्याने, वराहदेवाने, अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवलं. आणि राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लावलं ते थेट वत्सगुल्मात! तेही गांधर्व विधीने, म्हणजे पत्रिका नाही, पंगत नाही. पंगत नसलेलं लग्न वऱ्हाडात कोणाच्या लक्षात राहणार? म्हणून आम्ही ते विसरलो असू.

एवढं वैभव असून पत्त्यावर मात्र १९९८ पर्यंत 'जिल्हा अकोला' लिहावं लागे. त्या वर्षी १ जुलैला वाशीम जिल्हा झाला आणि अकोल्याकडे गहाण पडलेला आमचा 'चा' सुटला.

तरी अस्सल वाशीमकर 'मले अभिमान हाय' असं सहसा म्हणणार नाही. इथे मायेलाही आधी चिमटा काढावा लागतो. पोरगी नोकरीला लागली की बाप चारचौघांत म्हणतो, "लागली बाप्पा एकदाची. आता तरी मोबाइल ठेवील खाली." पेढे मात्र ओळख नसलेल्यालाही देतो. फार आग्रह केला, तर घसा खाकरून एवढंच : "पोट्टीनं नाव काढलं."

यात ना गर्व, ना अभिमान, ना 'वर', ना 'बद्दल'. व्याकरणवाल्याने मात्र विचारून पाहावं, "कोणाचं नाव?" बाप पेढ्याचा खोका पुढे सरकवत म्हणेल, "माह्यं, अजून कोनाचं?"

बघा, षष्ठी आलीच.