एकहाती दुवेकरी

दुसऱ्याचा माल, दुसऱ्याचे गोदाम आणि दुसऱ्याचेच दुकान असताना गिऱ्हाइकाला केवळ "या वाटेने आत जा" एवढे सांगण्याबद्दल जी दलाली मिळते, तिच्या शास्त्राला संलग्न विपणन असे भारदस्त नाव असून व्यवहारात सर्वजण तिला ॲफिलिएट म्हणतात. ॲमेझॉनने १९९६ साली अमेरिकेत ही योजना सुरू केली, तेव्हा ते दुकान मुख्यतः पुस्तकेच विकत होते. २०१३ साली ते भारतात आले आणि त्यानंतर ही वाट पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरील दोन खोल्यांच्या सदनिकांपर्यंत पोहोचून तेथे एक नवा मनुष्यप्रकार उदयास आला. आपले ओळखचिन्ह गुंफलेले दुवे, म्हणजे बोलीतल्या लिंका, हा मनुष्य दिवसभर लोकांत वाटत असल्यामुळे त्याला दुवेकरी म्हणणे सोयीचे होईल. दुवेकऱ्यांचे एकहाती आणि टीमवाले असे दोन पंथ असून त्यांच्यातून विस्तव जात नाही.

एकहाती दुवेकरी हा बहुधा कोठल्या तरी कचेरीतल्या साहेबाला, त्याच्या सोमवारच्या मीटिंगला आणि सहकाऱ्यांच्या वाढदिवसाच्या वर्गणीला कंटाळून बाहेर पडलेला असतो. "आपण एकटेच बरे, डोक्याला ताप नाही" हे त्याचे ब्रीद असते आणि त्याला आधार म्हणून तो ॲमेझॉनचीच साक्ष काढतो; कारण सहभागी व्यक्तीने आपल्या पानावर जे कबुलीवजा वाक्य छापणे ती कंपनी बंधनकारक करते, त्यात पात्र खरेदीवर 'मी' कमावतो असेच म्हटलेले आहे, 'आम्ही' नव्हे. भारतात जाहिरात मानक परिषदेने २०२१ साली समाजमाध्यमांवरील प्रभावकांना मोबदला घेऊन केलेली शिफारस तशी स्पष्ट दाखवण्यास सांगितले, तेव्हाही या मनुष्याला वाईट वाटले नाही. उलट आपल्या एकटेपणाला आता अधिकृत दर्जा मिळाला अशीच त्याची समजूत झाली.

त्याच्या एकटेपणाची तपासणी मात्र स्वयंपाकघरात करावी लागते. मिक्सरचे परीक्षण लिहिणे हा त्याच्या धंद्याचा कणा असतो, कारण मिक्सर महाग असतो, बिघडतो आणि घेण्यापूर्वी माणसे त्याबद्दल चार ठिकाणी वाचतात. दुवेकऱ्याने स्वतः उभ्या आयुष्यात चटणी वाटलेली नसते. ओट्यापाशी उभी असलेली त्याची पत्नी भांड्याचे झाकण दाबून धरत सांगते, "अहो, ओल्या नारळाचं वाटण यात बारीक होत नाही, पाणी जास्त घालावं लागतं, आणि खालचं रबर दोन महिन्यांत सैल पडणार बघा." संध्याकाळी हेच ज्ञान "सखोल चाचणीअंती असे आढळले की" अशा प्रस्तावनेसह प्रसिद्ध होते. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले वडील त्यातले ऱ्हस्व-दीर्घ तपासतात, आठवीतला मुलगा पांढऱ्या चादरीवर मिक्सर ठेवून फोटो काढतो आणि नाशिकची आत्या प्रत्येक दुवा तीन कौटुंबिक गटांत पुढे ढकलते. यांपैकी कोणालाही मानधन नसते, रजाही नसते. तरीही टीमचा विषय निघाला की दुवेकरी निर्विकार चेहऱ्याने सांगतो की आपल्याकडे सगळे काम एकट्याने चालते.

या धंद्यातले खरे दुःख समजण्यासाठी दोन संज्ञा ध्यानात घ्याव्या लागतात. वाचकाने दुव्यावर टिचकी मारली की त्याच्या ब्राउझरमध्ये कुकी नावाची एक छोटी नोंद बसते आणि हे गिऱ्हाईक कोणी पाठवले ते तीवरून दुकानाला कळते; ॲमेझॉनच्या बाबतीत तिचा प्रभाव साधारणपणे २४ तास टिकतो आणि तेवढ्या वेळात वस्तू टोपलीत गेली तरच दलालीची आशा उरते. दुसरी संज्ञा शेवटच्या टिचकीची: गिऱ्हाइकाने वाटेत अनेकांचे दुवे उघडले असले, तरी पुष्कळशा योजनांत श्रेय सर्वांत शेवटच्याला मिळते. लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थाने वर्षभर चपला झिजवाव्यात आणि मानाचा आहेर मात्र मांडवाच्या दारात उभ्या असलेल्या तिऱ्हाइताने न्यावा, असा हा न्याय आहे. पंधराशे शब्दांचे परीक्षण वाचून ज्याचे मन वळले, तोच वाचक पैसे भरण्यापूर्वी कोठे कूपन मिळते का ते शोधायला जातो आणि कूपनवाल्याच्या दुव्यावरून परत येतो. एकहाती दुवेकऱ्याचा मनुष्यजातीवरचा विश्वास उडण्याचे कारण येथे सापडते, आणि ते कारण अगदीच पोकळ आहे असे म्हणता येत नाही.

टीमवाल्या पंथात हे दुःख घरातच वाटून घेतात. तेथे एकजण लोक काय शोधतात ते हुडकतो, दुसरा त्यावर लिहितो, तिसरा इतर संकेतस्थळांना "आमच्या पानाचा दुवा द्या" अशा विनवण्या पाठवतो, चौथा जाहिरातीत पैसे घालतो आणि पाचवा या चौघांना कामाला लावतो. कोणाच्या मेहनतीने कोणती विक्री झाली ते कळावे म्हणून दुव्यांना निरनिराळ्या उपखुणा जोडतात, आणि महिनाअखेर लेखक म्हणतो वाचक लेखामुळे आला, जाहिरातवाला म्हणतो जाहिरातीमुळे. तीन हजारांच्या मिक्सरवर चार टक्के धरले तर १२० रुपये होतात. आयकराची कपात वजा जाता उरलेल्या रकमेवर पाच सुशिक्षित माणसे तासभर वाद घालतात. दिवाळीपूर्वीच्या सेलमध्ये मात्र हा पंथ भाव खाऊन जातो. मध्यरात्री दर बदलतात, माल संपतो, दुवे निकामी होतात. टीमवाले पाळ्या लावून झोपतात, एकहाती मनुष्य चौथ्या दिवशी संपलेल्या टीव्हीचा दुवा दोनदा पाठवतो.

टीम या शब्दाचा आणखी एक अर्थ तारांकित हॉटेलांच्या सभागृहांत ऐकू येतो, जेथे वस्तू जवळजवळ नसतेच आणि आपल्याखाली माणसे भरती करण्यालाच ॲफिलिएट म्हटले जाते. नव्या माणसाच्या प्रवेशशुल्कातून जुन्याला पैसे देणाऱ्या अशा साखळ्यांसाठी १९७८ पासून बंदीचा कायदा आहे आणि थेट विक्रीविषयीच्या २०२१ च्या नियमांतही पिरॅमिड योजनांना मनाई आहे; कोट घालून व्यासपीठावर चढणाऱ्यांना त्याची आठवण क्वचितच असते. एकहाती दुवेकरी अशा सभेतून एकदा चहा पिऊन परत आलेला असतो आणि तेव्हापासून टीम हा शब्द ऐकताच तो पाकीट चाचपतो.

तरीही त्याच्यावर टीम करण्याची पाळी येतेच. ऑगस्ट २०२२ मध्ये गूगलने वाचकांपेक्षा शोधयंत्रासाठीच लिहिलेला मजकूर खाली ढकलणारा बदल आणला आणि त्यापुढच्या काळात आपली पाने पहिल्या पानावरून तिसऱ्यावर घसरल्याचे पाहून दुवेकऱ्याने अखेर बी.कॉम. झालेल्या भाच्याला मदतीला घेतले. भाचा सहा महिने मामाच्या शेजारी बसला, दर कोठे पाहावेत, दुवा कसा आखूड करावा, कोणत्या वेळी लोक खरेदी करतात, हे सारे त्याने मन लावून शिकून घेतले, आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर स्वतःची टेलिग्राम वाहिनी काढून तोही एकहाती झाला. मामाने हा विश्वासघात मानला. मामीने मानला नाही. पुढे घरातला जुना मिक्सर जळाला, तेव्हा नवा मिक्सर तिने भाच्याच्या दुव्यावरून मागवला आणि नवऱ्याने जाब विचारताच शांतपणे सांगितले, "तुमच्याच लिंकवरून तुम्ही घेतलं तर कमिशन मिळत नाही, असं तुम्हीच म्हणता ना? मग निदान त्या पोराला तरी मिळू दे."

यावर दुवेकऱ्यापाशी उत्तर नव्हते. झाकण नीट बसते का ते पाहायला त्याने तिला बोलावले आणि मुलाला पांढरी चादर आणायला सांगितले.