टिक काढा, शांतता मिळवा

घोटीत शांतता हवी असेल तर दोन मार्ग आहेत. पहिला, शेजारच्या इगतपुरीला धम्मगिरीवर जाऊन दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करायचं. १९७६ पासून ती सोय आहे. मोबाईल जमा करून घेतात, बोलणं बंद. दुसरा मार्ग लॅपटॉपच्या सेटिंगमधून जातो, आणि सध्या गावात त्याचीच चलती आहे. कारण तिथे दहा दिवस बसावं लागत नाही आणि स्वतःचं तोंडही बंद ठेवावं लागत नाही.

बाकीच्या आवाजांना मुळात सेटिंगच नाही. मुंबई-आग्रा महामार्ग गावाला लागून. टोलनाक्यावर रांग लागली की मागचा हॉर्न देतो, पुढचाही देतो. त्याच्या पुढे टोलची दांडी असते आणि ती हॉर्नला दाद देत नाही, तरी तो देतो. रेल्वेगाड्या आपापल्या शिट्ट्या घेऊन येतात. हंगामात भाताच्या गिरण्या. लग्नसराईत डीजे. पावसाळ्यात पत्र्यावर चार महिने अखंड ताशा. भोंग्यांविषयी मी काही लिहिणार नाही, मला याच गावात राहायचंय.

कायदा आहे. २००० सालच्या नियमांप्रमाणे रहिवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा. हा नियम मोठ्याने वाचून दाखवला तरी मोडतो. २०१५ मध्ये राज्याच्या परिवहन खात्याने ट्रकमागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला बंदी केली. पाटी गेली. हॉर्नला मात्र लिहिता-वाचता येत नसल्यामुळे त्याला ती बंदी कळली नाही. पुढे मुंबई पोलिसांनी काही सिग्नलला यंत्र लावून पाहिलं: गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिवा पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतो. आमच्याकडे ते लावलं तर नाशिककडे जाणारी गाडी दिवाळीपर्यंत हलणार नाही.

अशा गावात आमच्या आळीतल्या एका घराची झोप मोडली ती लॅपटॉपच्या आवाजाने. मुलगा कंपनीचं काम घरून करतो. कंपनीने नवा लॅपटॉप दिला आणि तो चालू केला की गातो. मायक्रोसॉफ्टने २०१२ च्या विंडोज ८ मध्ये हे गाणं मुळात बंद करून टाकलं होतं, २०२१ च्या विंडोज ११ मध्ये परत सुरू केलं. घरातले नाना हायवेवरचा कंटेनर, मालगाडी आणि शेजारची हळद यांच्यात ढाराढूर घोरतात. पण हा आवाज आला की माजघरातून विचारतात, “उठलास का रे बाबा? साडेअकरा झाले!”

म्हणजे अडचण डेसिबलची नाहीच. कंटेनर कोणाचा, कुठे चालला, याच्याशी नानांना देणंघेणं नाही. लॅपटॉपचा आवाज मात्र चुगली करतो. तो पोरगा किती वाजता कामाला बसला हे अख्ख्या घराला सांगतो. आणि आपली वेळ सांगणारा आवाज हा माणसाला सगळ्यात कर्कश वाटतो, मग तो कितीही गोड असो.

गोडपणाबद्दल तर बोलायलाच नको. विंडोज ९५ साठी कंपनीने ब्रायन ईनो या नामांकित संगीतकाराला गाठलं होतं. सव्वातीन सेकंदांत मावेल असं काहीतरी द्या, आणि ते आशादायक हवं, भावनिक हवं, विश्वव्यापी हवं, अशी विशेषणांची लांबलचक यादी. आमच्याकडे उमेदवाराच्या फ्लेक्सवर असते तेवढी. या गृहस्थांनी ८४ तुकडे करून पाहिले, आणि पुढे सांगितलं की हे सगळं मी ॲपलच्या मॅकवर केलं. २०२५ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तो आवाज राष्ट्रीय ठेवा म्हणून जतन करायला घेतला. एवढ्या इतमामाच्या घराण्यातला आवाज घोटीत येतो आणि नानांची हाक ऐकून मरतो.

मारायचा कसा, तेही सांगतो. सेटिंग्ज, तिथून पर्सनलायझेशन, तिथून थीम्स, तिथून साउंड्स, आणि तळाशी ‘प्ले विंडोज स्टार्टअप साउंड’ पुढची टिक काढायची. चार टेबलं फिरून पाचव्यावर काम होतं, हे आपल्याला सवयीचंच आहे. नवल एवढंच की पाचव्या टेबलावरचा माणूस जेवायला गेलेला नसतो. काही गेमिंग लॅपटॉपांचा आवाज मात्र विंडोजच्याही आधी, बायोसमधून येतो. तिथे ही टिक चालत नाही. विंडोज म्हणतं, हा विषय आमच्या हद्दीत येत नाही. तेव्हा जरा आपलेपणा वाटतो.

ही टिकसुद्धा सुखासुखी मिळालेली नाही. २००६ मध्ये व्हिस्टा येणार होतं, तेव्हा सुरुवातीचा आवाज कोणाला बंदच करता येऊ नये असा कंपनीचा बेत होता. जगभरच्या लोकांनी कटकट केली आणि कंपनी नमली. ध्वनिप्रदूषणाविरुद्धचं यशस्वी आंदोलन म्हणून मला एवढंच एक आठवतं.

टिकेची ही विद्या आळीतून बाहेर पडून एका कचेरीत पोचली. कुठल्या, ते विचारू नका. जूनमध्ये तिथे दाखल्यांसाठी रांग असते: उत्पन्नाचा, जातीचा, नॉन-क्रिमीलेअरचा. टाकेदकडून, वैतरणेकडून माणसं पहिल्या एसटीने येऊन भिंतीला टेकलेली असतात. आतून तो गोड आवाज आला की सगळे उठायचे, पिशवीतले कागद बाहेर काढायचे, आणि कोणीतरी हटकून घड्याळ बघायचं. पावणेबारा. “आत्ता चालू केलं बघा.” रोज चारचौघांत असा पंचनामा कोण सहन करील? टिक निघाली. प्रशासकीय सुधारणा इतक्या झटपट झालेली मी तरी पाहिलेली नाही.

आता यंत्र चालू आहे, बंद आहे की सर्व्हर डाउन आहे, बाहेर काही कळत नाही. उशीर झाला असं म्हणायला पुरावा उरलेला नाही. पण रांगेतली माणसं जुनी आहेत. पावसात घोटीची लाइट जाते, आणि लाइट गेली की टेबलाखालचा यूपीएस टूं टूं करून ओरडतो. त्यावरून लोक ताडतात: ओरडला म्हणजे आत साहेब येऊन बसलेत, नाही ओरडला म्हणजे अजून यायचेत.

यूपीएसची टिक कुठे असते, अशी चौकशी परवा त्या कचेरीतून आळीतल्या पोराकडे आली.