तेराव्याची गर्दी

१९ सप्टेंबर २०११ च्या रात्री अमेरिकेत एका अंत्यविधीला सुमारे २ कोटी ८७ लाख लोक हजर होते, घरच्या सोफ्यावर बसून. मयत होता ‘टू अँड अ हाफ मेन’ या विनोदी मालिकेचा नायक चार्ली हार्पर. ही भूमिका करणाऱ्या चार्ली शीनचं निर्मात्याशी वाजलं, मार्चमध्ये त्याला काढलं आणि नवव्या सीझनच्या पहिल्याच भागात लेखकांनी त्याच्या पात्राला पॅरिसच्या मेट्रोखाली घातलं.

शवपेटीपुढे जुन्या मैत्रिणी येऊन तक्रारी मांडतात. मग धाकटा भाऊ अ‍ॅलन अस्थिकलश हातात धरून दादाशी बोलत असतो, तोच काचेपलीकडे ओलाचिंब नवा नायक अ‍ॅश्टन कचर दिसतो. अ‍ॅलन दचकतो, दादा दिवाणखान्यात सगळीकडे.

प्रेक्षकांत तट पडले. कुणाला हा उघड सूड वाटला, कुणाला नवा गडी आवडला. ‘पूर्वीची मजा नाही’ असं म्हणायलाही भाग पुरा पाहावा लागतोच म्हणा! पुढच्या आठवड्यात मात्र गर्दी बरीच पांगली. तेराव्याचं जेवण झालं की पाहुणे थांबतात कशाला?

मालिका तरीही २०१५ पर्यंत चालली. शेवटच्या भागात कळलं, चार्ली मेलाच नव्हता. शीन काही परतला नाही. दारात पाठमोरा एक तोतया उभा केला आणि त्याच्या डोक्यावर वरून पियानो सोडला.