हलकं सामान, जड ट्रक

ज्येष्ठ लागला की वारीच्या याद्या फिरू लागतात. ‘पहिल्यांदाच वारीला निघताय? सामान हलकं ठेवा’ अशा मथळ्याखाली बेचाळीस वस्तू. यंदा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलेल्या यादीत फुगवायची उशी आहे, कपाळावर बांधायची बॅटरी आहे, दोन पॉवर बँका आहेत (एक बंद पडली तर), घडीचं स्टूल आहे, ओले रुमाल आहेत, आणि एकेचाळिसाव्या क्रमांकावर टाळ आहेत. टाळांपुढे ‘ऐच्छिक’ असा शेरा. बेचाळिसावी वस्तू ‘सकारात्मक दृष्टिकोन’. अख्ख्या यादीत बिनवजनाची वस्तू तेवढी एकच.

यादीला हसणं सोपं आहे. पण आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर चालायचं, अठरा-एकोणीस दिवस, कधी चिखलातून, कधी रणरणत्या उन्हातून, तर तयारी लागतेच. ‘माउली नेतील’ म्हणून चपला अडकवून निघालेला खुर्चीतला माणूस दिवे घाट चढून सासवडला पोचतो तेव्हा माउलींच्या नव्हे, रुग्णवाहिकेच्या शोधात असतो. पुणे ते सासवड हा सगळ्यांत लांबचा टप्पा, तीस किलोमीटरांच्या वर, आणि त्यातच घाट. बरं, तो सुरुवातीलाच येतो. म्हणजे पाय मुरायच्या आत परीक्षा. म्हणून चैत्रापासून चालायला लागा. एका रविवारी वीस किलोमीटर चालून फोटो टाकण्यात काही नाही. आज पंधरा, उद्या पंधरा, परवा पुन्हा पंधरा असं लागोपाठ चालून बघा. तिसऱ्या दिवशी गुडघा जे बोलतो तेच खरं.

पायताणाबद्दल मात्र सविस्तर बोललं पाहिजे, कारण शहाणी माणसं इथेच फसतात. ट्रेकिंगच्या दुकानात जाऊन घोट्यापर्यंत चढणारे, ‘वॉटरप्रूफ’ म्हणवणारे, पाच आकडी किमतीचे बूट आणतात. पाऊस वरून पडतो आणि पिंढरीवरून ओघळत बुटात उतरतो हे त्या दुकानदाराला माहीत असतं, तो सांगत नाही. एकदा आत शिरलेलं पाणी मग बाहेर यायचं नाव घेत नाही. बूट रात्रभर तंबूत ठिबकत बसतो, सकाळी तोच ओला बूट, तोच ओला मोजा, दुपारपर्यंत टाच सोललेली. शेजारी पट्ट्याची साधी सँडल घातलेले शेतकरी आजोबा चाललेले असतात. सँडल भिजते आणि अर्ध्या तासात वाळते. तळ घट्ट, पट्टे मऊ आणि किमान दीड-दोन महिने वापरलेली असली म्हणजे झालं. पट्टा तुटला तर वाटेत चांभारकाम करणारी मंडळी सेवा म्हणून फुकट शिवून देतात. तुमच्या पाच आकडी बुटाचा तळ उखडला तर त्यांनी काय करावं?

फोड येणारच. येऊ नयेत म्हणून पहाटे बोटांच्या बेचक्यांत आणि मांड्यांना व्हॅसलीन चोपडा. मांड्या घासून चालणं थांबलेल्यांची संख्या गुडघेवाल्यांहून कमी नसते, फक्त ते बोलत नाहीत. फोडात सुईदोरा ओवून दोरा तसाच ठेवणारे अनुभवी लोक तुम्हाला भेटतील. हात जोडा आणि पुढे चला. त्या दोऱ्यावरून जंतूही आत जातात. मधुमेह असेल तर अनवाणी चालण्याची हौस घरीच ठेवा, आणि रोज रात्री तळवे कुणाकडून तरी बघून घ्या. मधुमेह्याच्या पायाला काच रुतलेली कळतेच असं नाही.

इतकी तयारी पुरे. आता वजनाचं.

लांब पायी चालणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे: पाठीवरचं ओझं आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त नको. ७० किलोचा माणूस, ७ किलोची पिशवी. वारीतला शहरी माणूस हा नियम सहज पाळतो. त्याच्या खांद्याला एक शबनम, तीत पाण्याची बाटली, रेनकोट, राजगिऱ्याचे दोन लाडू. दीड किलोसुद्धा भरत नाही. मग फोटोखाली तो लिहितो की वारीने मला कमीत कमी गोष्टींत जगायला शिकवलं. बाकीचे चौदा किलो ट्रकवर आहेत हे लिहायचं राहून जातं.

दिंडी म्हणजे टाळ, वीणा आणि पताका, असं लांबून दिसतं. जवळून दिंडी म्हणजे एक ट्रक, एक पाण्याचा टँकर, तंबू, गॅसच्या शेगड्या, भांड्यांचा ढीग, पोत्यांनी तांदूळ आणि हे सगळं रोज उचलून रोज मांडणारी चार-सहा पोरं. तुम्ही भिशी भरता, म्हणजे या सगळ्याची वर्गणी, आणि तुमची पिशवी या गाड्यात जमा होते. पहाटे तीनला तंबूबाहेर आवाज सुरू होतो: “सामान द्या, सामान! गाडी निघाली!” बायका त्याही आधी उठून टँकरच्या नळावर अंधारात आंघोळी उरकत असतात. ट्रकच्या हौद्यात एक पोरगा उभा, खाली दुसरा. खालचा पिशवी फेकतो, वरचा झेलतो. वळकट्या, नायलॉनच्या थैल्या, पत्र्याची एखादी पेटी, आणि मधेच चाकांची बॅग. पालखीतळावरच्या काळ्या चिखलात चाकांची बॅग! चाकं मातीने गच्च भरलेली, दांडा अडकलेला. ती दोघांनी मिळून डोक्यावर घेऊन आणायची. शेवटी तंबू. रात्रभर पाऊस झाला असला की ताडपत्रीचं वजन चांगलंच वाढतं आणि तरीही ती गुंडाळावी लागतेच. पालखी निघेपर्यंत ट्रक पुढच्या वाटेला लागलेला असतो, कारण तुम्ही ‘ज्ञानोबा-तुकाराम’ करत पोचाल तेव्हा तंबू उभा पाहिजे आणि चहा तयार पाहिजे. स्वयंपाकाला कुठे आचारी असतात, कुठे दिंडीतल्याच बायका. चालून आल्यावर पुरुष पाय पसरतात, त्या पदर खोचतात.

तर पाठ हलकी होते ती अशी. त्याग वगैरे शब्द त्या हौद्यातल्या पोराला ऐकवा, तो हसेल. स्पेनमध्ये सान्तियागोच्या वाटेवर चालणारे भाविक या बाबतीत सरळ आहेत. तिथे ठरावीक पैसे दिले की गाडीवाला तुमची बॅग या धर्मशाळेतून पुढच्या धर्मशाळेत नेऊन टाकतो. हिशेब पूर्ण, विरक्तीचा आव नाही.

हे आजचं नाही म्हणा. माउलींच्या पादुका पूर्वी गळ्यात बांधून पंढरीला नेत असत असं सांगतात. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी, म्हणजे शिंद्यांच्या पदरी राहिलेल्या एका सरदाराने, पालखीला लष्करी शिस्त आणि डौल दिला. अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व आले, तंबू आले, चोपदार आले, यथावकाश चांदीचा रथ आला. दिवे घाटात त्या रथाला जादा बैलजोड्या जुंपाव्या लागतात. पादुकांचं वजन वाढलेलं नाही. भक्तीचं सामान वाढत गेलं की कुणाच्या तरी मानेवर जू चढतं, आणि ती मान नेहमी सामानवाल्याचीच असते असं नाही.

दिंडीच्या बाहेर चालणारेही हजारो असतात. भिशी नाही, ट्रक नाही, तंबू नाही. देवळाच्या ओसरीवर, शाळेच्या पडवीत, दुकानाच्या फळीखाली झोपायचं. वाल्ह्याच्या अलीकडे मराठवाड्यातल्या अशा एका आजींचं बोचकं सोडलेलं पाहिलं. एक पातळ, एक पोलकं, जर्मनचं ताट, त्यातच पेला, मिश्रीची डबी, आणि खताची रिकामी गोणी. गोणीचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसला की झाली डोक्यावरून पाठीवर सोडायची खोळ. पावसात तीच रेनकोट, रात्री तेच अंथरूण. माझ्या बरोबरच्या उत्साही मित्राने विचारलं, “आजी, औषधं नाही घेतली?” आजी म्हणाल्या, “तुमच्यापाशी हाईत की!” आणि खरोखरच त्याच्याकडून डोकेदुखीच्या दोन गोळ्या घेऊन गेल्या.

या बोचक्यावर लगेच कविता करू नका. ‘किती कमी लागतं यांना’ असं म्हणत उमाळे काढणारे पुष्कळ. आजींनी मागे काही सोडलेलं नव्हतं. घरी दुसरं पातळ असेल तर ते दांडीवर असेल. आपण अडीच आठवडे जे ‘कमीत कमी’ म्हणून अनुभवतो, ते त्यांचं बारमाही आहे.

आणि नको असताना सामान वाढवणारेही वाटेत उभे असतातच. पुण्यात पालखी शिरली की चौकाचौकांत मांडव. केळी, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या इथवर ठीक. पुढे टोप्या, छत्र्या, रेनकोट, पिशव्या, आणि प्रत्येकावर कुणा ना कुणा साहेबांचा हात जोडलेला फोटो. फुकट मिळालेलं नाकारणं मराठी माणसाला जड जातं. हडपसर येईस्तोवर एका खांद्याला तीन साहेब लटकलेले असतात. घाट लागला की वजन कळतं आणि साहेब रस्त्याच्या कडेला टाकले जातात. पालखी पुढे गेल्यावर ते गोळा करायला पालिकेचे आणि ग्रामपंचायतीचे सफाई कामगार येतात. पुन्हा तेच: टाकणारा एक, उचलणारा दुसरा.

सगळ्यांत जुनं सामान मात्र पिशवीत नसतंच. इरावती कर्वे दिंडीबरोबर चालल्या आणि ‘वाटचाल’ या लेखात त्यांनी लिहून ठेवलं, भजन एकत्र आणि जेवण जातीप्रमाणे वेगळं. त्याला सात-आठ दशकं होत आली. आता पुष्कळ दिंड्यांत पंगत एक झाली आहे. तरीही नवा माणूस दिसला की नाव ऐकून न थांबता आडनावापर्यंत पोचणारे अजून भेटतात. हे ओझं कुठल्याच ट्रकवर चढत नाही, प्रत्येकजण जातीने वाहतो.

बरोबर काय न्यावं याची खरी यादी हवी असेल तर मुक्कामाच्या संध्याकाळी समाजआरतीला उभे राहा. चोपदार चोप उंचावतो, हजारो टाळ एकदम थांबतात आणि दिवसभरात हरवलं काय, सापडलं काय, ते पुकारलं जातं. फुगवायची उशी हरवल्याची तक्रार कुणी करत नाही. चष्मा, टाळ, पिशवी, आणि माणसं हरवतात. म्हणून चष्मा दुसरा न्या. रोजच्या गोळ्या दोन ठिकाणी विभागून ठेवा, निम्म्या ट्रकवर, निम्म्या अंगावर. आणि एका कागदावर नाव, घरचा फोन आणि दिंडीचा नंबर लिहून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून खिशात ठेवा. नंबराबरोबर ‘रथापुढे’ की ‘रथामागे’ तेही लिहा. दोन्हीकडे नंबर एकपासूनच सुरू होतात, त्यामुळे नुसता नंबर सांगणारा माणूस रात्री नऊपर्यंत चुकीच्या तळावर फिरत राहतो. मोबाइलचा भरवसा धरू नका. लाखोंच्या गर्दीत रेंज नसते.

कपडे दोन जोड, अंगावर एक आणि ट्रकवर एक. तिसरा वाळणारच नाही, मग नेऊन करणार काय? बायकांनी पॅड आणि कागदी पिशव्या भरपूर न्याव्यात. आडोसा मिळणार नाही म्हणून दिवसभर पाणी न पिण्याचा जुना उपाय मात्र करू नये. वाटेवर फिरती शौचालयं आता असतात, थोडं चालावं लागतं एवढंच. ताट-पेला आपला न्या आणि तो आपणच धुवा. पिशवी अशी भरा की ती एका माणसाला एका हाताने वर फेकता आली पाहिजे. घरी करून बघा: भरलेली पिशवी छातीपर्यंत उचला, मग डोक्याच्या वर. खांदा कुरकुरला तर स्टूल काढा.

आणि भिशी भरायला जाल तेव्हा दिंडीवाल्यांना एक विचारा: पहाटे गाडी भरायला माणसं पुरतात का? पुरत नाहीत. नावं नोंदवणाऱ्यांची यादी दरवर्षी लांबते, हौद्यात पोरं तेवढीच असतात.