पानिपतचे दोन कागद

निवडणुकीत पक्ष आपटला की त्याचं पानिपत होतं. क्रिकेटचा संघ गडगडला की त्याचंही. अडीचशे वर्षं उलटून गेली तरी ही लढाई आपल्या जिभेवर आहे. पण ज्या कागदापायी मराठी फौजा त्या मैदानापर्यंत गेल्या, तो कागद कोणता असं विचारलं की इतिहासाचे पदवीधरही गप्प होतात. याचा मला राग येतो.

तो कागद म्हणजे एप्रिल १७५२ चा अहदनामा. वजीर सफदरजंगानं दिल्लीच्या मुघल बादशहाच्या वतीनं तो ठरवला आणि पेशव्यांच्या वतीनं मल्हारराव होळकर व जयाप्पा शिंदे यांनी स्वीकारला. मराठ्यांनी अफगाण राजा अब्दालीपासून आणि घरच्या बंडखोरांपासून बादशाही राखायची. बदल्यात ५० लाख रुपये, पंजाब, सिंध आणि गंगा-यमुनेमधल्या अंतर्वेदीची चौथाई, शिवाय अजमेर आणि आग्र्याची सुभेदारी. नर्मदा ओलांडून चौथाई मागणारे आम्ही एका सहीनं दिल्लीचे राखणदार झालो.

आणि शाई वाळायच्या आत घात झाला. सफदरजंग मराठी फौज घेऊन दिल्लीजवळ पोहोचेपर्यंत घाबरलेल्या अहमदशहा बादशहानं लाहोर आणि मुलतान अब्दालीला देऊनही टाकले होते. म्हणजे पंजाबची चौथाई आमच्या नावावर आणि पंजाब अब्दालीच्या. एकच जमीन दोघांना लिहून देणाऱ्याला आज आपण पोलिसांत खेचतो. तेव्हा खेचणार कोण? कबूल केलेले पैसे द्यायला दिल्लीच्या खजिन्यात पैसाच नव्हता. तरीही आम्ही दिलेला शब्द धरून बसलो. १७५८ मध्ये राघोबादादा पंजाबात उतरले, मराठी घोडी अटकेपर्यंत गेली. त्या पराक्रमाचं आपण कौतुक करतो आणि करावंच. पण त्याच क्षणी अब्दालीशी गाठ पक्की झाली होती.

आता पानिपतच्या लढाईच्या दिवशी, १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी त्या करारातली माणसं कुठं होती, ते पाहा. बादशहा अहमदशहा १७५४ मध्येच गादीवरून ओढला गेला होता, त्याचे डोळे काढले गेले होते. सफदरजंग त्याच वर्षी वारला. जयाप्पांचा १७५५ मध्ये नागोरला दग्यानं खून झाला. मैदानात उरले एकटे मल्हारराव. आणि सफदरजंगाचा मुलगा शुजाउद्दौला? तो अब्दालीच्या बाजूनं उभा होता. बापानं आम्हाला ज्याच्याविरुद्ध बोलावलं, लेक त्याच्याच छावणीत. मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ यांनी अखेरच्या आठवड्यांत तहाची बोलणी लावली तीही याच शुजामार्फत. शुजाच्या पदरी असलेल्या काशीराजानं ते सगळं लिहून ठेवलं आहे. तह व्हावा असं शुजाला वाटत होतं, अब्दालीच्या बाजूच्या रोहिल्या नजीबखानानं तो होऊ दिला नाही. इकडं पानिपतच्या छावणीत माणसं आणि जनावरं उपाशी मरत होती.

करार पाळायला लावणारं कुणीतरी लागतं. नाहीतर तो निव्वळ कागद. १९६० चा सिंधू पाणी करार तीन युद्धं सोसून टिकला, कारण दोन्ही देशांचे आयुक्त नेमलेले होते, बैठका व्हायच्या, तंटा नेण्याची जागा ठरलेली होती. २०२५ च्या एप्रिलमध्ये भारतानं तो स्थगित ठेवला, तेव्हा कुठं त्याची घडी मोडली. १७५२ च्या अहदनाम्यामागं असं काहीच नव्हतं.

गेल्या संक्रांतीला मी पानिपतच्या रणभूमीवरच्या काला आंब स्मारकाला गेलो होतो. धुकं इतकं दाट की शेजारचं मोहरीचं शेत आधी वासानं कळलं, मग दिसलं. लोखंडी कुंपणाच्या आत स्तंभ, त्याच्यापुढं झेंडूचे हार, भगवे फेटे, हलगीचा आवाज. कुणी कपाळाला माती लावत होतं, कुणी रुमालात बांधून घेत होतं. माझेही डोळे भरून आले.

आमच्या बसमध्ये वऱ्हाडातले एक निवृत्त मास्तर होते. गाव विचारलं तर म्हणाले, ‘अंजनगाव सुर्जी. पानमळ्यांचं गाव आमचं.’ मी चमकलो. दुसरा कागद तर त्यांच्याच गावचा. पानिपतनंतर मराठे संपले नव्हते. दहा वर्षांत महादजी शिंद्यांनी दिल्ली पुन्हा हाताखाली आणली, बादशहा शाहआलमला गादीवर बसवलं. दिल्लीभोवतीचा हा मुलूख पुढं शिंद्यांकडंच होता. तो गेला ३० डिसेंबर १८०३ ला. असई आणि अडगावच्या पराभवांनंतर, गाविलगड पडल्यावर, दौलतराव शिंद्यांच्या वकिलांनी इंग्रजांच्या आर्थर वेलस्लीबरोबर सुर्जी अंजनगावचा तह केला. अंतर्वेद गेली, दिल्लीच्या बादशहावरचा हक्क गेला, आणि त्यातच हे पानिपतही ईस्ट इंडिया कंपनीकडं गेलं. इथं अब्दाली जिंकला खरा, पण त्याला ही जमीन राखता आली नाही. इंग्रजांनी ती मिळवली दूर वऱ्हाडात, एका कागदावर.

मास्तरांना हे ठाऊक नव्हतं. तेहतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेला माणूस. त्यांनी रुमालाची गाठ सोडली, आतल्या मातीकडं बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, ‘म्हंजे सर, हे रान आमच्या गावात बसून लिहून देल्लं?’