इंजिनाचे दत्तकविधान

निपुत्रिक संस्थानिकाने मरणापूर्वी मांडीवर घेतलेला मुलगा गादीचा वारस ठरतो की नाही, या वादात लॉर्ड डलहौसीने 1848 साली सातारचे राज्य खालसा केले आणि पुढे नागपूर व झाशी यांचीही तीच गत केली, हे आपण सर्वांनीच शाळेत घोकलेले आहे. परंतु दत्तकाच्या पात्रतेची छाननी किती बारीक, किती निर्दय आणि किती मनस्तापाची असू शकते याचा अनुभव ज्यास घ्यावयाचा असेल, त्याने इतिहासाची पुस्तके बाजूस ठेवून, ऐन वैशाखात, जुन्या पॉवर वीडरच्या सांगाड्यासाठी पेट्रोलचे नवे इंजिन शोधण्याकरिता जळगाव आणि धुळे या दोन शहरांच्या बाजारात हिंडून पाहावे. गादी शाबूत असते, मुठी शाबूत असतात, चाके, पाती, पुली, पट्टा सारा सरंजाम जागच्या जागी असतो. निधन पावलेला असतो तो फक्त धनी.

आमची वडिलार्जित जमीन यावल तालुक्यात, फैजपूरच्या शिवाराला लागून आहे. मी स्वतः धुळ्याच्या कलेक्टर कचेरीत अव्वल कारकुनीत हयात घालवलेला मनुष्य. शेतीशी माझा संबंध सात-बाराच्या उताऱ्यावर नाव असण्यापुरता. जमीन कसतात ते माझे थोरले चुलतबंधू, ज्यांना सारा गाव नाना म्हणतो. 1936 च्या डिसेंबरात काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन याच फैजपुरास झाले आणि त्या वेळी खादी व ग्रामोद्योग यांचा मोठा गौरव झाला, ही गोष्ट नाना प्रत्येक यंत्र घेताना आठवणीने सांगतात आणि मग ते यंत्र घेतात. गांधीजींनी यंत्रांवर पुष्कळ टीका केली तरी शिवणयंत्राला त्यातून वगळले होते, हे त्यांनी कुठेतरी वाचल्यापासून त्या सवलतीत त्यांनी प्रथम पाणबुडी मोटार, मग फवारणीचा पंप आणि शेवटी पॉवर वीडर बसवून घेतला. लहान केळीच्या दोन ओळींमधले तण काढण्यास मजूर मिळत नाहीत, आणि मिळाले तर ते तणापेक्षा लवकर कमी होतात, हे त्यांचे म्हणणे मात्र खोटे नव्हे.

वीडरच्या इंजिनाचा मृत्यू नैसर्गिक नव्हता. या जातीच्या इंजिनात तेल ते किती, तर सुमारे 600 मिलिलिटर. ते ठराविक पातळीखाली गेले की आतील एक पहारेकरी ठिणगी तोडतो आणि इंजिन बंद पडते. हा पहारेकरी प्रामाणिक असला तरी समंजस नसतो. यंत्र बांधावर तिरके झाले तरी तो तेल संपल्याचा पुकारा करतो. पुतण्याला या वारंवारच्या अडथळ्याचा कंटाळा आला आणि त्याने ती पिवळी तार कापून टाकली. त्यानंतर इंजिन कोठेही थांबेनासे झाले, सर्वांनी पुतण्याच्या बुद्धीची तारीफ केली, आणि एके दिवशी तेल खरोखरच आटल्यावर आतला कनेक्टिंग रॉड तुटून क्रँककेसला भगदाड पाडून बाहेर डोकावला. मयत धुळ्यास आणविण्यात आले. तेथील मिस्त्रीने पंचनामा असा केला की त्यात एकही शब्द वाढवता येऊ नये : ‘‘भाऊ, याना जीव कवयच गया. आते दुसरं इंजिन ल्या.’’

येथून वारसाची चौकशी सुरू झाली, आणि तीत पहिली कैफियत दिली ती आमच्या मेहुण्यांनी. अश्वशक्ती हा त्यांच्या मते इंजिनाचा एकमेव गुण. ‘‘सातच्या जागी नऊ घोडे घ्या. घोडा जास्त झाला म्हणून कुणाचे काही बिघडले आहे का?’’ असा त्यांचा सवाल. वास्तविक जेम्स वॉटने सेकंदास 550 फूट-पौंड, म्हणजे आजच्या हिशेबाने 746 वॉट, असा घोड्याचा भाव एकदा ठरवून टाकला तेव्हा हा वाद कायमचा मिटावयास हवा होता. पण डब्यावर छापलेला घोडा आणि शाफ्टवर जुंपलेला घोडा हे एकाच तबेल्यातील असतात असे मुळीच नाही. अमेरिकेत गवत कापण्याच्या यंत्रांवरील अश्वशक्तीचे आकडे फुगवलेले आहेत अशा तक्रारींवरून रीतसर दावे झाले आणि 2010 साली मिलवॉकी येथील न्यायालयात त्यांची तडजोड झाली. घोड्यांच्या हजेरीपटात खोटी नावे घातल्याबद्दल एवढा मोठा मुकदमा पूर्वी पेशवाईतल्या पागेसंबंधीही झाला नसावा. शिवाय आमच्या खानदेशचा उन्हाळा. हवा तापली की विरळ होते, आणि 25 अंशांच्या वर दर साडेपाच अंशांस शंभरात एक याप्रमाणे शक्ती घटते असा ढोबळ हिशेब आहे. पारा 45 वर गेला म्हणजे सातांपैकी पाव घोडा केवळ उन्हाने गळतो. उरलेले पावणेसात मेहुण्यांना पुरेसे वाटले नाहीत, पण केळीच्या तणाला ते पुरतात.

घोड्यांपेक्षा घनफळावर विश्वास ठेवणे बरे, कारण ते मोजता येते. नळीचा व्यास 68 मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव 54 मिलिमीटर असेल तर घनफळ 196 घन सेंटिमीटर होते. धाव 45 असेल तर 163. व्यास 70 आणि धाव 55 असेल तर 212. बाजारातील लहान इंजिनांची बहुतेक प्रजा या तीन घरांतली. मेहुण्यांचे नऊ घोड्यांचे इंजिन आम्ही पाहिले. ते याहून वरच्या घराण्यातले, अंगाने आडवेतिडवे, आणि त्याच्या बुडाची चार भोके आमच्या सांगाड्याच्या चार भोकांपैकी एकाशीही जुळेनात. मेहुण्यांनी सुचवले की सांगाडाच बदलावा. वारस सापडत नाही म्हणून गादी बदलण्याची ही सूचना डलहौसीलाही सुचली नव्हती.

परंतु दत्तकाच्या छाननीतील खरे निर्णायक अंग निराळेच निघाले. ते म्हणजे शाफ्ट. इंजिनातून बाहेर येणाऱ्या या बोटभर जाडीच्या दांड्यावर पुली बसते आणि चावीने पक्की होते. तो पुलीच्या भोकात चपखल बसला तर इंजिन आपले, नाही तर त्यास कितीही घोडे असोत, ते परके. शाफ्ट तीन जातींचे असतात : सरळ, ज्यास पुली लागते, निमुळता, जो जनरेटरसाठी, आणि आट्यांचा, जो पाण्याच्या पंपासाठी. धुळ्याच्या आग्रा रोडवर एका दुकानदाराने निमुळत्या शाफ्टचे इंजिन आश्चर्यकारक स्वस्तात देऊ केले, आणि ते इतके स्वस्त का, या प्रश्नावर ‘‘साहेब, तुमच्यासाठी’’ एवढेच उत्तर दिले. बरे, सरळ शाफ्ट मिळाला तरी भागत नाही. त्यात पाऊण इंची, म्हणजे 19.05 मिलिमीटरचा, एक पंथ, आणि 20 मिलिमीटरचा दुसरा. दोहोंमध्ये फरक 0.95 मिलिमीटरचा; पण वैष्णवांच्या उभ्या गंधात आणि शैवांच्या आडव्या गंधात तरी अंतर असे किती असते?

आमच्या मयताचा शाफ्ट कोणत्या पंथाचा, हे ठरवणे आले. नानांच्या घरातील मोजपट्टी दर्जीकामाची, तिच्यावर ‘‘वीसच्या अलीकडे, एकोणीसच्या पलीकडे’’ एवढाच निवाडा मिळाला. तेव्हा नाना तो तेलकट क्रँक वर्तमानपत्रात गुंडाळून जळगावच्या सराफ बाजारात आपल्या एका आप्ताच्या पेढीवर घेऊन गेले. सुवर्णनगरी म्हणून नावाजलेल्या त्या गावात, बांगड्यांचा व्यास मोजण्याच्या व्हर्नियरने, गादीवर बसून, अत्यंत गंभीरपणे त्या लोखंडाचे माप घेण्यात आले : 19.05. सराफांनी सवयीने त्याचे वजनही करून चिठ्ठीवर लिहून दिले, आणि घट धरावी काय, असे विचारले. नवऱ्या मुलीच्या पाटल्या पाहण्यास आलेले एक कुटुंब हा सारा सोहळा आदराने पाहत होते.

माप हाती आल्यावरही संधिसाधू सूचनांचा ओघ थांबला नाही. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील लेथवाला पुलीचे भोक 20 पर्यंत वाढवून देण्यास तयार होता. ते एक वेळ रास्तही झाले असते, पण एकदा कापलेले लोखंड परत येत नाही आणि पुढचा वारस पुन्हा 19.05 चा निघाला तर काय, ही नानांची हरकत मला बिनतोड वाटली. एका दुकानी याच्या उलट, मोठ्या भोकाच्या पुलीत लहान शाफ्ट घालून मधली जागा तेलाच्या डब्याच्या पत्र्याने भरून देण्याची तयारी दिसली. मिनिटाला तीन हजारांहून अधिक फेरे घेणाऱ्या शाफ्टभोवती डब्याचा पत्रा बसवणाऱ्या मनुष्याच्या धैर्याचे कौतुक मी अवश्य करीन, पण ते बांधाच्या पलीकडून.

जुन्या इंजिनाचाही विचार झाला. 1956 च्या कायद्याप्रमाणे दत्तकाने वयाची पंधरा वर्षे पुरी केलेली नसावीत. आम्हास दाखविलेल्या इंजिनाने ती केव्हाच ओलांडली होती. मात्र जुन्या मुंबई इलाख्यात लग्न झालेल्या, मुलेबाळे असलेल्या पुरुषासही दत्तक घेता येत असे, हा आधार मी मांडताच दुकानदाराचा चेहरा खुलला. दुर्दैवाने त्याने दोरी ओढली आणि सायलेन्सरमधून जो निळा धूर निघाला त्यात अर्जदाराच्या रिंगांची प्रकृती उघड झाली. तेल जळते तेव्हा धूर निळा येतो, पेट्रोल जादा जाते तेव्हा काळा. एवढे वैद्यक गिऱ्हाइकाने पाठ करावे.

धुळ्याविषयी एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. इंग्रजी अंमल आल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज या अधिकाऱ्याने 1819 च्या सुमारास धुळे हे खानदेशचे मुख्य ठिकाण केले. फरिश्त्याच्या फारसी तवारिखेचे इंग्रजी भाषांतर करणारा ब्रिग्ज तो हाच. मेहुण्यांनी 1908 साली मिलवॉकीस सुरू झालेल्या ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन या इंजिनांच्या कारखान्याशी त्याचे सोयरीक-सुतक जोडून, धुळेकरांस त्या इंजिनावर वडिलोपार्जित हक्क पोचतो, असे प्रतिपादन केले. या दाव्यास दफ्तरात काडीचा आधार नाही. शिवाय त्या कारखान्याची ख्याती गवत कापण्याच्या यंत्रांवर बसणाऱ्या उभ्या शाफ्टच्या इंजिनांबद्दल विशेष, आणि आम्हास पाहिजे होते आडव्या शाफ्टचे. इंजिन कुशीवर निजवले म्हणजे उभ्याचे आडवे होत नाही. आतले तेल दट्ट्याकडे धावते आणि मग धुराच्या रंगाविषयी वर सांगितलेले आठवते.

फिरण्याची दिशाही पाहावी लागते. शाफ्टच्या तोंडाकडून पाहिले असता बहुतेक लहान इंजिने घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात, पण ज्यांच्या पोटात वेग कमी करणारी दातेरी चाके असतात त्यांतील काहींची दिशा पालटलेली असते. तसले एखादे नजरचुकीने बसले असते, तर नानांनी पुढे जावयाचे आणि यंत्राने मागे, अशी सहकारी संस्थांच्या सभांतून आम्हास परिचित असलेली अवस्था शेतातही आली असती.

वास्तविक पाहता पाण्याच्या कामी या प्रदेशाने इंजिनावाचून शतके काढली. पांझरेच्या काठी साक्रीकडे फड पद्धतीचे बंधारे आहेत. पाणी उताराने पाटात उतरते, पाटकरी ते वाटून देतो, आणि या साऱ्या कारभारात पेट्रोलचा थेंब लागत नाही. पुढे 1884 च्या कायद्याखाली शेतकऱ्यांस तगाई मिळू लागली, विहिरींवर मोटेच्या जागी ऑइल इंजिने आली, आणि माझ्या उमेदवारीच्या काळात त्या तगाईच्या थकबाकीची पत्रके लिहिण्यात माझी कित्येक बोटे शाईची झाली. परंतु तण उताराने वाहून जात नाही, हा फड पद्धतीत राहिलेला एक दोष होय.

शेवटी मसलत जमली ती फैजपुरासच. नानांनी दोन्ही शहरांचा बाजार ऐकून घेतला आणि एकच प्रश्न विचारला : याचे फिल्टर, याचा कार्बोरेटर आणि याची दोरी ऐन पेरणीत इथल्या बाजारात मिळते काय? ज्याचे मिळते ते घ्यावे. काळ्या जमिनीची धूळ फिल्टरला जगू देत नाही, दोरी प्रत्येक हंगामात एकदा तुटतेच, आणि पेट्रोलमध्ये आता इथेनॉल बरेच असल्याने यंत्र महिनोन्‌महिने टाकी भरून उभे ठेवले तर कार्बोरेटर धरतो. अशा वेळी जळगावहून सुटा भाग येईपर्यंत तण कमरेला लागते. नानांच्या या एका प्रश्नापुढे घोड्यांची सारी पागा गप्प झाली. 196 घन सेंटिमीटरचे, आडव्या, सरळ, 19.05 च्या शाफ्टचे इंजिन आले आणि चारही भोके निमूटपणे जुळली. दत्तकविधान झाल्यावर जनकपित्याचे नाव लावण्याचा प्रघात नसल्याने कारखान्याचे नाव येथे देत नाही. पहिल्या वीस तासांनंतर तेल बदलावयाचे आहे आणि पिवळ्या तारेस पुतण्याने हात लावावयाचा नाही, असे दोन ठराव एकमताने मंजूर झाले.

सबब तमाम लोकांस कळविण्यात येते की, मयत इंजिनाची टाकी, सायलेन्सर, पंख्याचे आवरण आणि दोरीसह रिकॉईल हे भाग शाबूत असून, ज्या कोणास त्यांची गरज असेल त्याने हा लेख वाचल्यापासून 15 दिवसांच्या आत आमच्या शेतावर येऊन ते विनामूल्य घेऊन जावेत. मुदतीनंतर आलेल्या हरकतींचा विचार केला जाणार नाही, आणि कार्बोरेटर मेहुण्यांनी आधीच ताब्यात घेतला असल्याने त्याविषयीची मागणी परस्पर त्यांच्याकडेच करावी.